उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मार्गदर्शकासोबत सागरी कायाकिंग आणि वन्यजीव निरीक्षण

समशीतोष्ण किनाऱ्यांवर उन्हाळ्याचा उत्तरार्ध, म्हणजे उत्तर गोलार्धात साधारणपणे ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य, हा कायाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लहान होडीतून, सागरी वन्यजीव पाहण्याचा फार समृद्ध काळ असतो. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो, त्यामुळे त्याचे पाणी याच सुमारास सर्वांत उबदार असते. उत्तरेकडील वीण आटोपलेले किनारपक्षीही दक्षिणेच्या वाटेवर चिखलाच्या पट्ट्यांवर उतरलेले असतात. मात्र अनेक प्राण्यांसाठी हाच काळ नाजूक असतो, म्हणून सहलीची आखणी आपल्या हौसेपेक्षा त्यांच्या स्थितीकडे पाहून करावी.

मार्गदर्शक निवडताना एका मार्गदर्शकामागे किती जण असतात, त्याच्याकडे व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावर संपर्कासाठी वापरला जाणारा बिनतारी संच) असतो का, वारा वाढल्यास सहल रद्द होते का आणि उलटलेल्या कायाकमधून बाहेर पडण्याचा सराव किनाऱ्याजवळ करून घेतला जातो का, हे आधी विचारावे. प्राण्यांपासून किती अंतर राखतात, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. हमखास अगदी जवळून दर्शन घडवण्याचे आश्वासन देणाऱ्यासोबत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्यतो सकाळी निघावे. दिवस चढतो तशी जमीन तापते, समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत लाटा वाढतात. भरतीओहोटीचे वेळापत्रकही पाहावे. सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ अर्धे पाणी चढते, त्यामुळे अरुंद सामुद्रधुनीत त्या वेळी ओढ सर्वाधिक असू शकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती तुलनेने सौम्य असते. नवशिक्यांनी हे सौम्य दिवस निवडणे बरे. ओहोटीत चिखलाच्या खाडीत फार आत गेल्यास कायाक रुतून बसण्याचा धोका असतो, म्हणून तेथील पक्षी पाहायला चढत्या पाण्यासोबत जावे आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी परतावे.

कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानानुसार निवडावेत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते आणि १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वासावरचा ताबा सुटतो. सुती कपडे टाळावेत, लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे आवळावेत आणि स्प्रे स्कर्ट, म्हणजे कायाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावायचे आवरण, लावताना तो खेचून काढण्याची पट्टी बाहेरच राहिली आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने तपासावे. वल्हे हलक्या पकडीने धरून केवळ दंडांनी न ओढता कमरेपासून वळून मारले, तर खांदे लवकर दुखत नाहीत.

आता मुख्य विषय. कायाक शांत असते, म्हणून ती प्राण्यांना त्रास देत नाही, असा समज आहे. तो धोकादायक आहे. आवाज नसल्यामुळेच ती अगदी जवळ आल्यावर अचानक दिसते आणि खडकावर विसावलेला संपूर्ण कळप घाबरून पाण्यात उडी घेऊ शकतो. हार्बर सील हे किनाऱ्याजवळ राहणारे सागरी सस्तन प्राणी पिल्ले वाढवून झाल्यावर याच दिवसांत जुने केस टाकतात. नवे केस येण्यासाठी त्वचा उबदार राहावी लागते, त्यामुळे ते एरवीपेक्षा अधिक वेळ बाहेर पडून राहतात आणि प्रत्येक वेळी थंड पाण्यात पळावे लागणे त्यांना महागात पडते. म्हणून दुरूनच त्यांना दिसेल अशा मार्गाने, कायाकचे टोक त्यांच्याकडे न रोखता, किनाऱ्याला समांतर संथपणे पुढे जावे. सीलांनी माना उंचावून तुमच्याकडे पाहिले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि लगेच अंतर वाढवावे. ते पाण्याकडे सरकू लागेपर्यंत थांबू नये.

गिलमॉट पक्ष्यांची उड्डाणाची पिसे विणीनंतर एकदमच गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही, शिवाय अनेकदा नर आपल्या पिल्लासोबत पोहत असतो. अशा जोडीच्या मधून कायाक कधीही नेऊ नये. समुद्री पाणमांजराच्या अंगावर इतर सागरी सस्तन प्राण्यांसारखा चरबीचा थर नसतो; ऊब टिकवण्यासाठी ते रोज आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा अन्न खाते, म्हणून केल्प या मोठ्या समुद्रशैवालामध्ये निजलेल्या पाणमांजराची झोपमोड हीही खरी हानी आहे.

देवमासे दिसल्यास गटाने एकत्र यावे, त्यांच्या वाटेत जाऊ नये आणि त्यांना वेढू नये. अमेरिकेत १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा त्यांना त्रास देण्यास मनाई करतो आणि तेथे बहुतेक मोठ्या देवमाशांसाठी किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतराची शिफारस आहे. नियम देशागणिक आणि प्रजातीनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी मार्गदर्शकाकडून त्या किनाऱ्याचे नियम समजून घ्यावेत.

दुर्बीण सातपट किंवा आठपट क्षमतेची, जलरोधक असावी. त्याहून अधिक क्षमतेच्या दुर्बिणीत हलत्या कायाकमधून चित्र स्थिर राहत नाही. परतल्यावर कायाक आणि कपडे गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत, जेणेकरून एका खाडीतील जीव दुसऱ्या खाडीत पोहोचणार नाहीत.