टीव्ही घेण्याआधी समोरची खिडकी पाहावी

धाकट्या जावेने नवे घर घेतले आहे आणि दिवाळीआधी टीव्ही घ्यायचा तिचा बेत आहे. तिने माझ्याकडे तयारीची यादी मागितली, म्हणून हे लिहायला घेतले. भिंतीची रुंदी मोजावी, प्लग कुठे आहे ते पाहावे, चार ठिकाणी किंमत विचारावी, हे तिला सांगायला मी नको. मला जे सांगायचे आहे ते या सगळ्याच्या आधीचे आहे, आणि त्याकरता दुकानात जावेही लागत नाही. टीव्ही ज्या भिंतीवर लावायचा तिच्याकडे पाठ करून उभे राहावे आणि समोर काय आहे ते पाहावे. समोर खिडकी किंवा गॅलरीचे दार असेल, तर पुढचा प्रत्येक निर्णय त्या उजेडाला धरून घ्यावा लागतो.

आम्ही हे पाहिले नाही. २०२१ मध्ये गणपतीच्या तोंडावर ५५ इंचांचा टीव्ही घेतला आणि दिवाणखान्याच्या पूर्वेच्या भिंतीवर लावला. समोर पश्चिमेला गॅलरीचे पूर्ण रुंदीचे सरकते काचेचे दार होते, पण दिवस पावसाळ्याचे होते, आभाळ कायम भरलेले, घरात दुपारीही दिवा लावावा लागत होता, त्यामुळे महिनाभर चित्र उत्तम दिसले. ऑक्टोबरमध्ये आभाळ निवळले आणि संध्याकाळचे तिरपे ऊन थेट पडद्यावर येऊ लागले. मालिकेतला रात्रीचा प्रसंग लागला की पडद्यावर गॅलरीचा कठडा, तुळशीची कुंडी आणि सोफ्यावर बसलेले आम्ही सगळे दिसायचो. पात्रे दिसत नव्हती. शेवटी जाड पडदे शिवून घेतले. नाशिकमध्ये ज्या वेळेला वारा सुटतो आणि सासूबाई गॅलरीत जाऊन बसतात, नेमक्या त्याच वेळेला दार बंद आणि पडदे ओढलेले, असे आम्ही दोन वर्षे काढले. मग तोच टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर हलवला. त्यासाठी भिंत फोडून नवी वायरिंग करावी लागली, आणि जुन्या भिंतीवरचे बुजवलेले भोक रंगाखालूनही ओळखू येते. टीव्हीत काहीच दोष नव्हता. भिंत चुकली होती.

जुन्या खोक्यासारख्या टीव्हीच्या काळात हा प्रश्न इतका टोकाला जात नसे, कारण तो कोपऱ्यात टेबलावर किंवा ट्रॉलीवर असायचा आणि ऊन आले की त्याचे तोंड थोडे वळवता यायचे. सपाट टीव्ही एकदा भिंतीला घट्ट बसला की तो जागचा हलत नाही, आणि त्याचा मोठा, काळा, गुळगुळीत पडदा समोरचे सगळे परत दाखवतो. म्हणून आधी जागा ठरवावी आणि मग टीव्ही. शक्य असेल तर खिडकीला काटकोनात असलेली भिंत निवडावी. खिडकी समोर असेल तर प्रतिबिंब पडते. खिडकी टीव्हीच्याच भिंतीवर, त्याच्या मागे किंवा शेजारी असेल, तर बाहेरच्या झगझगीत उजेडापुढे पडदा अंधारा वाटतो आणि डोळे शिणतात. खिडकी बाजूला असलेली बरी.

याची परीक्षा आरशाने करावी. घरातला हातभर आरसा घ्यावा, टीव्ही जिथे लागणार तिथे भिंतीला सपाट टेकवून एकाने धरावा, आणि दुसऱ्याने नेहमी बसतो त्याच जागी बसून पाहावे. आरशात जे दिसेल ते टीव्हीवर दिसणार. मधल्या जागेवर धरून थांबू नये, पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत आरसा सरकवत न्यावा, कारण बहुतेक वेळा खिडकीची एकच कड एका कोपऱ्यात येते आणि तीच पुढे रोज डोळ्यात खुपते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अशी तीनदा परीक्षा करावी, आणि रात्री ट्यूबलाइट लावून चौथ्यांदा, कारण समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट पडद्यावर पांढऱ्या पट्टीसारखी उमटते. देवघर समोर असेल तर दिव्याचेही तेच होते. पावसाळ्यात टीव्ही घेत असाल तर आभाळावर मुळीच विसंबू नये. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पश्चिमेपासून उत्तरेकडे सरकून मावळतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे सरकून, त्यामुळे पावसाळ्यात जी खिडकी निरुपद्रवी वाटते तीच हिवाळ्यात त्रास देऊ शकते. खिडकीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने पाहून ठेवावे. मोबाइलमध्ये ते असते.

आरशाच्या परीक्षेनंतरच कोणता पडदा घ्यायचा हे ठरते. समोर उजेड असणे अटळ असेल, दुसरी भिंतच नसेल, तर ओएलईडीच्या मागे लागू नये. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळा हवा तिथे पूर्ण विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याच्यासारखे चित्र नाही, परंतु भर उजेडात त्या काळ्या रंगावर खिडकी येऊन बसते आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच दिसत नाही. शिवाय ज्या घरात दिवसभर बातम्या चालू असतात तिथे वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी एकाच जागी तासन्‌तास राहून ओएलईडीवर कायमचा डाग पडण्याचा धोका असतो. उजेडाच्या खोलीला मिनी एलईडी (ज्यात पडद्यामागे खूप बारीक दिवे असतात) किंवा चांगला तेजस्वी एलईडी योग्य. क्यूएलईडी हे नाव ऐकून गोंधळू नये. तो मागून प्रकाश दिलेला एलसीडीच आहे, फक्त रंगांसाठी त्यात वेगळा थर असतो. तेज निट्समध्ये मोजतात, आणि स्वस्त टीव्हीत ते साधारण २५० ते ३०० निट्स असते, जे उन्हाच्या दिवाणखान्याला अपुरे पडते. पडदा चकचकीत आहे की खरखरीत तेही पाहावे. चकचकीत पडद्यावर खिडकी स्पष्ट दिसते, खरखरीत पडद्यावर ती पसरून पांढुरके धुके होते. यातले काय सोसेल ते ज्याने त्याने ठरवावे, मला धुके चालते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. हे वाचलेले पैसे आणखी मोठ्या आकारावर घालण्याचा मोह होतो. ते तेजावर घालावेत. आकारासाठी पडद्याचा कर्ण घ्यावा आणि त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर आपण बसतो का ते पाहावे. ५५ इंचांना हे अंतर सुमारे ७ ते ८ फूट येते, ४३ इंचांना साडेपाच ते सव्वासहा फूट. साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्या मोठ्या पडद्यावर जवळून धूसर दिसतात, त्यामुळे मोठा टीव्ही घेतल्यावर सेट टॉप बॉक्सचे पॅकेजही एचडी करावे लागते, हा दरमहाचा खर्च आधीच धरावा.

उंचीच्या बाबतीत लोक फोटोच्या चौकटीप्रमाणे टीव्ही वर टांगतात आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटीमीटरवर असतात, आणि पडद्याचा मध्य तिथेच यावा. ५५ इंचांचा पडदा सुमारे ६८ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून ७० सेंटीमीटरच्या आसपास येते. ऐकताना हे फार खाली वाटते, पण बसल्यावर बरोबर वाटते. आमच्याकडे सासूबाई भाजी निवडत खाली सतरंजीवर बसतात, त्यांच्यासाठी आणखी थोडे खाली आणले. घरात कोण कुठे बसते ते पाहून मोजावे, आणि मोजतानाच त्या उंचीवर आरसा पुन्हा धरावा, कारण टीव्ही वीतभर खाली आला की प्रतिबिंबही बदलते. पहिल्या वेळी आरसा धरला तेवढ्याने भागत नाही.

दुकानात गेल्यावर तिथल्या झगमगाटाने भुलू नये. सगळे टीव्ही सर्वांत भडक रंगांवर लावलेले असतात आणि दाखवायला फुले, पोपट, समुद्र असतो. पेन ड्राइव्हवर स्वतःचा एखादा अंधाऱ्या प्रसंगाचा व्हिडिओ न्यावा आणि चित्राची सेटिंग साधी करून तो लावायला सांगावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टीव्ही बंद करायला सांगावे. बंद पडद्यात दुकानातले दिवे किती ठळक दिसतात ते दोन-तीन टीव्हींवर शेजारी शेजारी पाहावे. फरक लगेच कळतो. विक्रेता टाळाटाळ करेल, तरी हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पडद्याकडे बाजूनेही पाहावे, कारण काही पडद्यांचे रंग कडेला बसलेल्या माणसाला फिके दिसतात. एचडीएमआयची, म्हणजे सेट टॉप बॉक्सची वायर जोडायची, भोके किती आहेत आणि त्यांतले एआरसीचे, म्हणजे टीव्हीचा आवाज वेगळ्या स्पीकरला पाठवणारे, कोणते ते विचारावे. विजेचे लेबल वाचावे. वॉरंटीत पॅनेल, म्हणजे खुद्द पडदा, किती वर्षे धरले आहे ते लेखी घ्यावे.

आवाजासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवावेत. पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते, त्यांचे तोंड खाली किंवा मागे असते, आणि वयस्कर माणसांना संवाद नीट ऐकू येत नाहीत. मग ते आवाज वाढवतात आणि घरात वाद होतो. साधा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकरही पुरतो.

टीव्ही घरी येताना खोके उभेच असावे, आडवे आणलेले दिसले तर तिथेच हरकत घ्यावी. कंपनीचा माणूस आल्याशिवाय खोके उघडू नये आणि उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण तडा गेलेले पॅनेल वॉरंटीत बसत नाही आणि तडा कधी गेला यावरून वाद होतो. भिंत विटांची, काँक्रीटची की सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची, ते कारागिराला आधी सांगावे. सिपोरेक्सला वेगळे अँकर, म्हणजे स्क्रू घट्ट धरणाऱ्या खुंट्या, लागतात. नवे घर असेल तर वायरचा पाइप रुंद टाकून घ्यावा, एचडीएमआयचे टोक वळणावर अडकते. आणि ड्रिल लागण्याआधी, कारागीर उभा असला आणि घाई करत असला तरी, आरसा धरावा. तो थांबेल. भोक पडल्यावर काही करता येत नाही.

लावून झाल्यावर चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ वर ठेवावे आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसतो. तुम्ही काय पाहता याची नोंद घेणारी परवानगीही सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्यावी.

पुढचे थोडक्यात. पुसायला कोरडे मऊ मायक्रोफायबर कापड, काचेचा फवारा नाही, दिवाळीच्या साफसफाईतही नाही. विजांचे वादळ येण्याआधीच प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावे, नुसता स्विच बंद करून भागत नाही. खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावे. जुना टीव्ही भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्यात द्यावा. सोफा हलवला, ट्यूबलाइटची जागा बदलली किंवा समोरची इमारत पाडली गेली, तर आरसा पुन्हा काढावा.