मतकरींच्या गूढकथा वाचताना

रत्नाकर मतकरींचा संग्रह हातात आला की मलपृष्ठ वाचू नका. प्रस्तावना असली तर तीही शेवटी वाचा. लेखकाने शेवटच्या परिच्छेदापर्यंत झाकून ठेवलेलं कुणी आधीच अर्धंमुर्धं सांगितलं, तर गूढकथेत उरतं काय?

एका वेळी एकच कथा वाचायची, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. अख्खा संग्रह रात्रीत संपवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कुठली कथा कशी संपली हे धड आठवत नाही. माझं वाचन ठाणे-वाशी लोकलमध्ये होतं. प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. ठाण्याला जागा मिळाली की पुस्तक उघडायचं. लहान कथा असली तर कोपरखैरण्याच्या आसपास संपते. मग तुर्भे, सानपाडा जाईपर्यंत पुस्तक मिटून नुसतं बसायचं, मोबाइल काढायचा नाही. वाचताना साधं वाटलेलं एखाद्या पात्राचं वाक्य तेव्हा डोक्यात पुन्हा येतं आणि अंगावर काटा येतो.

संध्याकाळी परतताना तीच कथा पुन्हा. हे फारसं कुणी करत नाही, पण मला सर्वांत जास्त आनंद इथेच मिळतो. पहिल्या वाचनात जिथे काहीतरी खटकलं, त्या पानात कागदाचा कपटा घालून ठेवा (ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवू नका). दुसऱ्यांदा त्या खुणेच्या आधीची पानं सावकाश वाचा. घर, ऑफिस, शेजारपाजार असं सगळं ओळखीचं चाललेलं असतं आणि त्यातच एखादा तपशील सहज टाकलेला सापडतो. मतकरी नाटककारही होते, म्हणून संवादांवर विशेष लक्ष ठेवा. कोण प्रश्नाला उत्तर न देता विषय बदलतं, ते बघा.

भुताची गोष्ट वाचायला मिळेल, या अपेक्षेने मात्र बसू नका. त्यांच्या कथांमधली भीती बहुतेक वेळा माणसाच्या मनातूनच येते. सुरुवात ‘खेकडा’ या संग्रहापासून करा. ठाण्यात राहत असाल, तर १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. आणि आपल्या ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडणारे मतकरी हेच, हेही माहीत असू द्या. २०२० साली ते गेले, पण इथली ती मुलं मला अजून त्यांच्या पुस्तकांइतकीच महत्त्वाची वाटतात.

त्यांच्या कथांवरची ‘गहिरे पाणी’ ही टीव्ही मालिका बघायची असेल, तर कथा वाचून झाल्यावर बघा.

एखादी कथा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. शेवटचं वाक्य झालं की लगेच ‘कळलं का?’ असं विचारू नका. कुणीतरी आपणहून बोलेल. दोघांना शेवट दोन तऱ्हांनी कळला असेल, तर पुस्तक पुन्हा उघडा आणि खुशाल वाद घाला.