टाइप करता करताच कंपाइल: या चुका टाळा

"सर, पंखा लई वाजायलाय याचा." मागच्या उन्हाळ्यात परभणीतल्या माझ्या क्लासमध्ये एका पोरानं लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. त्यानं सी भाषेत व्हाइल लूप लिहिला होता: आय (i) हा आकडा दहापेक्षा लहान असेपर्यंत छापत राहा. आय वाढवायची ओळ लिहायची बाकी होती. तेवढ्यात पाणी प्यायला उठला.

व्हीएस कोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, ऑटो सेव्ह 'आफ्टर डिले'वर असलं तर हात थांबल्यावर 1000 मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदात, फाइल सेव्ह होते. या पोरानं तसंच ठेवलं होतं, आणि जोडीला सेव्ह झालं की प्रोग्रॅम कंपाइल करून चालवणारं एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचं जादा टूल). कंपायलरला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलला, खोट दिसेना, कारण व्याकरण बरोबर होतं. फक्त लूपला शेवट नव्हता.

चुकीखाली लाल रेघ दाखवणं वेगळं आणि प्रोग्रॅम चालवणं वेगळं. क्लँगडीसारखं चुका दाखवणारं टूल कोड नुसता वाचतं, चालवत नाही, आणि रेघ दाखवायला त्याला सेव्हही लागत नाही. शिकणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. ओळ अर्धी असताना रेघ येणारच, तिला घाबरून दर अक्षराला थांबू नका. ऑटो सेव्ह बंद ठेवा, विचार पुरा झाला की कंट्रोल+एस. फाइल पुसणारा किंवा तिच्यावर लिहिणारा प्रोग्रॅम तर आपोआप चालवूच नका. फाइलचा पत्ता अर्धाच टाइप झालेला असतो.

याच पोराची पुढची तक्रार 'परमिशन डिनाइड'. यावर पोरं जीसीसी, म्हणजे सीचा कंपायलर, काढून पुन्हा टाकतात, अर्धा दिवस जातो. खरी गोष्ट एवढीच, की जुना लूप मागं अजून चालूच असतो आणि चालू असलेल्या ईएक्सईवर (कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलवर) विंडोज नवी फाइल लिहू देत नाही. टास्क मॅनेजरमध्ये तो प्रोग्रॅम शोधून बंद करा. कोड रनर हे कोड चालवणारं एक्स्टेन्शन वापरत असाल तर कंट्रोल+ऑल्ट+एम.

'स्कॅनएफ आकडा घेतच नाही' हे तर रोजचं. स्कॅनएफ म्हणजे कीबोर्डवरून टाइप केलेलं वाचणारं सीचं फंक्शन. कोड रनरचं आउटपुट पॅनल फक्त दाखवतं, तिथं टाइप होत नाही. सेटिंगमध्ये 'रन इन टर्मिनल'वर टिक करा. मग मात्र प्रोग्रॅम थांबवायला टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी.

फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नका, मध्ये जागाही सोडू नका. मलाही हे पटत नाही, पण विंडोजवरचा जीसीसी तिथं कधी कधी अडखळतो.

राहिला टर्बो सी, सीचा जुना कंपायलर. त्या निळ्या पडद्यावर शिकलेल्यांच्या नोट्स अजून फिरतात, त्यामुळं प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच सीएलआरएससीआर, म्हणजे पडदा पुसायची ओळ, असतं. मिनजीडब्ल्यूच्या (विंडोजवरच्या जीसीसीच्या) कॉनिओ.एच या फाइलमध्ये एक कळ वाचणारं गेटच आहे, सीएलआरएससीआर नाही. ती ओळ खोडा, एरर जाईल.