जीसीसी की क्लँग? भांडण्याआधी या चुका टाळा

आषाढातली दुपार, कुडाळला आमची ओटी, आणि दोन भाचे जीसीसी चांगला की क्लँग यावरून हमरीतुमरीवर आलेले. हे दोन्ही कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचा मशीनला चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणारी सॉफ्टवेअर. थोरल्याकडे पुरावा होता: तोच प्रोग्रॅम जीसीसीने कम्पाइल केला की ४ सेकंदांत संपतो, क्लँगने केला की ७ घेतो. आतून आजी म्हणाली, "रे, मधी लायट गेल्ली मां?"

गेली होतीच. पहिली चाचणी चार्जरवर झाली, दुसरी बॅटरीवर. बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपणहून उतरवतात. लाईट आल्यावर पुन्हा मोजलं तर फरक जेमतेम उरला. म्हणून आधी चार्जर लावा, दोन्ही आलटून पालटून पाच-सहा वेळा चालवा. एकदाच मोजलेल्या आकड्यावर वाद घालू नका.

यापेक्षा फसवी चूक म्हणजे दोन्हीकडे 'ओ-टू' (प्रोग्रॅम किती वेगवान करायचा हे कम्पायलरला सांगणारी पायरी; ओ-थ्री तिच्या वरची) दिलं की तुलना बरोबरीची झाली असं धरून चालणं. क्लँग ओ-टूवरच लूपचं व्हेक्टरायझेशन करतो, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकडे उरकतो. जीसीसी ते पूर्वी ओ-थ्रीवर करायचा. ओ-टूवर करू लागला तो २०२२च्या १२व्या आवृत्तीपासून, आणि तेही हात राखूनच. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर जीसीसी ११ येतो. तिथे ओ-टू लावून 'जीसीसी स्लो' म्हणणाऱ्याने आधी आवृत्ती बघावी. मॅकवाल्यांनी तर नक्कीच, कारण तिथे 'जीसीसी' टाइप केलं तरी सहसा ॲपलचा क्लँगच चालतो! असे दोन क्लँग एकमेकांशी भिडवून जीसीसीवर निकाल दिलेला मी पाहिला आहे.

वेळ शून्य आली तर हुरळू नका. लूपचं उत्तर कुठे वापरलंच नसेल, तर कम्पायलर तो लूपच काढून टाकतो. शेवटी उत्तर प्रिंट करा.

आता लायसन्स. जीसीसी जीपीएल या लायसन्सखाली येतो; त्याखालचा प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला की त्याचा मूळ कोडही द्यावा लागतो. 'जीसीसीने कम्पाइल केलं की आपला कोडही जीपीएल होतो' ही अफवा अजून मरत नाही. जीसीसीची स्वतःची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळते हे खरं, पण त्यासाठीच तिच्या लायसन्समध्ये वेगळी सूट दिलेली आहे. नेहमीसारखा कम्पाइल केलेला आपला कोड बंद ठेवता येतो, विकताही येतो.

जीपीएल कोडही विकता येतो. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने घोळ होतो. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द असताना आपण का गोंधळावं? समजा, मालवणच्या होमस्टेवाल्याला जीपीएल कोडवर बांधलेला बुकिंगचा प्रोग्रॅम विकलात. सोर्स, म्हणजे मूळ कोड, त्याच्या हातात द्या, काम झालं; गावभर वाटायची सक्ती नाही. मात्र त्याने तो शेजारच्या होमस्टेला दिला, तर अडवता येणार नाही. एमआयटी हे त्याहून सैल लायसन्सही 'काहीही करा' असं नसतं, कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवावाच लागतो.

वेग आणि लायसन्स यांची खिचडी तर रोजची. ॲपल जीसीसी ४.२ वर अडून राहिली, कारण पुढच्या आवृत्त्या २००७ साली आलेल्या जीपीएलव्ही३, म्हणजे जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली गेल्या. २०१४च्या फ्रीबीएसडी १० या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये क्लँग मुख्य कम्पायलर झाला, त्यातही लायसन्सचा वाटा मोठा होता. हे निर्णय वेगाचा पुरावा म्हणून पुढे करू नयेत.

आणि ही दोन घराणी जन्मजात वैरी आहेत असंही धरू नये. एलएलव्हीएम हा क्लँगचा पाया इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झाला. ख्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईत शिकलेले विक्रम अडवे यांनी तो घातला. २००५ मध्ये लॅटनर यांनी एलएलव्हीएम जीसीसीत सामील करायचा आणि कॉपीराइटही सोपवायचा प्रस्ताव दिला होता. जीसीसीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. २०१५ मध्ये त्यांनी स्वतःच तसं लिहिलं.