मुखपृष्ठावर 'ख्रिस्ती' लिहिलंय, एवढ्यावर विज्ञानाचं पुस्तक घेऊ नका

होमस्कूलिंग, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणं, करायचं की नाही, हा वाद तुमच्या घरात मिटलाय असं धरून चालते. इथे अमेरिकेत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या नव्या आया विचारतात ते पुढचं: पाच ते आठ वर्षांच्या मुलांना विज्ञान कशातून शिकवायचं?

आधी धीराची गोष्ट. टेक्ससमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994च्या लीपर निकालानंतर होमस्कूल ही खाजगी शाळाच धरली जाते. शिकवायचेच असे विषय पाच: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित, नागरिकत्व. विज्ञान त्यात नाहीच! पहिलं वर्ष अंगणातल्या मुंग्या बघण्यात गेलं तरी कुणी दार ठोठावणार नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र विज्ञान सक्तीचं, वर दर तिमाहीला अहवाल. तिथल्यांनी माझ्या भरवशावर राहू नये.

आता सापळा. मी अहिल्यानगरच्या मंडळीत वाढले. 'ख्रिस्ती विज्ञान' म्हणजे सुरुवातीला एखादं वचन, शेवटी प्रार्थना आणि मध्ये नेहमीचं विज्ञान, अशी माझी समजूत. आमच्या घरी पृथ्वीच्या वयाचा आणि विश्वासाचा संबंध कधी कुणी लावला नव्हता. अमेरिकेत तो लावतात. आर्चबिशप अशर यांनी 1650 साली पवित्र शास्त्रातल्या वंशावळ्या मोजून जगाची निर्मिती ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये बसवली. इथले बरेच ख्रिस्ती प्रकाशक आजही त्याच्याच आसपास आहेत: सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस, पृथ्वी सुमारे 6,000 वर्षांची, बहुतेक सगळे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयातले. अबेका, बीजेयू प्रेस, मास्टर बुक्स, अपोलोजिया हे सगळे याच बाजूचे. ते हे लपवत नाहीत. आपणच मुखपृष्ठावरचं फुलपाखरू बघून पैसे भरतो. काही प्रकाशक लहान वर्गांत वयाचा विषयच काढत नाहीत, आणि मला विचाराल तर सहा वर्षांच्या मुलासाठी तेच बरं.

तुम्ही काय मानावं, हे सांगणारी मी कोण? पण मला पोळलं ते वयाच्या आकड्यापेक्षा पुस्तकाच्या सुरामुळे. आम्ही घेतलेल्या संचात दर दोन-तीन धड्यांनी "काही लोक तुम्हाला खोटं सांगतील" या अर्थाचं काहीतरी असायचं. माझे वडील निवृत्त भूगोल शिक्षक. व्हिडिओ कॉलवर ते नातवाला सांगत होते की नगरचा काळा दगड, बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पोरगं म्हणालं, "आबा, तुम्हाला फसवलंय." आबा हसले. मला काही हसू आलं नाही. ज्याने बेसॉल्ट हातात धरलेला नाही, त्याला बेसॉल्टबद्दल भांडायला शिकवलं होतं.

म्हणून विकत घेण्याआधी नमुना पानं उघडा आणि नेमके चार विषय शोधा: डायनासोर, ग्रँड कॅन्यन, ताऱ्यांची अंतरं, प्राण्यांचे 'प्रकार' (देवाने सुरुवातीलाच वेगवेगळे घडवले असं मानलेले गट). तिथे प्रकाशकाची बाजू कळते. मग वेगळं मत असणाऱ्यांविषयी पुस्तक कसं बोलतं ते वाचा. भूमिका पटली पण सूर खटकला, तरी पुस्तक खाली ठेवा. पटलेली भूमिका नंतर तुम्ही स्वतः सांगू शकता, पण मुलाच्या तोंडात बसलेली तुच्छता काढायला फार वेळ लागतो. डॅलसला राहणाऱ्यांना तर हा प्रश्न टाळताच येत नाही. तिथल्या पेरो या विज्ञान संग्रहालयात अलामोसॉरस या डायनासोरचा सांगाडा आहे, आणि त्याच शहरात पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च या संस्थेचं 2019 साली उघडलेलं केंद्रही आहे. मुलं दोन्हीकडच्या पाट्या वाचतात.

"आम्ही वीस वर्षं हेच वापरतोय, डोळे झाकून घे," असं म्हणणाऱ्या अनुभवी ताईंपासून जरा लांबच राहा. त्या मनाने चांगल्या असतात, पण त्यांची मुलं वेगळी होती. त्यापेक्षा जिने पुस्तक अर्ध्यात सोडलं तिला गाठा. ती खरं बोलते.

शिकवण्याचं म्हणाल तर घाबरू नका, खरंच. अपोलोजियाची पद्धत वर्षभर एकच शाखा धरायची, कधी खगोल तर कधी वनस्पती. बेरियन बिल्डर्स या ख्रिस्ती प्रकाशकाचं पहिलं पुस्तक निर्मितीच्या सहा दिवसांच्या क्रमाने, म्हणजे प्रकाशापासून सुरू होतं. दोन्ही चालतं. फक्त 'पहिली ते सहावी' अशा छापावर भुलू नका. तसला मजकूर बहुधा दहा वर्षांच्या मुलाला झेपेल असा असतो, धाकटं तिसऱ्या ओळीला टेबलाखाली जातं. दोन परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, "काय ऐकलंस, सांग" म्हणा. एवढा धडा पुरे. आकाश देवाचा महिमा सांगतं असं म्हणणारं स्तोत्र 19 वाचायचंच असेल तर रात्री गच्चीवर किंवा अंगणात वाचा.

प्रयोगाच्या महागड्या खोक्याची गरज नाही. व्हिनेगर-सोड्याच्या ज्वालामुखीतून ज्वालामुखीबद्दल काहीही कळत नाही, ओटा तेवढा खराब होतो. मटकी भिजवा, अर्धी उजेडात, अर्धी कपाटात ठेवा, रोज चित्र काढायला लावा. कुठली जास्त लांब होईल, हे आधी विचारा आणि उत्तर सांगू नका.

वसंतात होमस्कूल संमेलनं भरतात, तिथे सवलतीच्या पाट्या असतात. जा, पुस्तकं चाळा, पानांचे फोटो काढायला परवानगी मागा. क्रेडिट कार्ड नवऱ्याकडे देऊन ठेवा.