किमोत केस जातात तेव्हा
कॅन्सरच्या पहिल्या किमोनंतर (म्हणजे केमोथेरपीच्या औषधांनंतर) साधारण 2 ते 4 आठवड्यांत केस गळायला लागतात, सगळ्याच औषधांनी नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा. आईचे आम्ही आधीच बारीक कापले, नाहीतर उशीवर, न्हाणीच्या जाळीवर लांब केस बघून जीव जास्त तुटतो. डोकं हुळहुळतं, तेव्हा सौम्य शाम्पू, कोमट पाणी, आणि टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. विग मे महिन्यात रत्नागिरीच्या घामात तासभर सहन होत नाही हो, त्यापेक्षा आजीच्या सुती लुगड्याचा तुकडा बांधा, धुऊन धुऊन मऊ झालेला. कोकमं वाळत घालायला अंगणात जाताना डोकं झाकाच, उघडी कातडी पटकन भाजते. भुवया-पापण्याही जाऊ शकतात, हे कुणी सांगतच नाही. किमो संपल्यावर 2-3 महिन्यांत लव दिसायला लागते, आईची तर कुरळी आली!