फर्स्ट बेसमनची पारख: बेसबॉलच्या हिवाळी बाजारात काय पाहावे

वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका संपली की अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये करारमुक्त (करार संपल्याने कोणत्याही संघाकडे जाऊ शकणाऱ्या) खेळाडूंचा बाजार उघडतो, आणि ज्या संघाला फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, हवा असतो, त्याच्या चाहत्यांची नजर सर्वांत आधी होम रनच्या (सहसा चेंडू मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्यांच्या) आकड्याकडे जाते. या जागेवरच्या खेळाडूकडून मुख्यतः फलंदाजीचीच अपेक्षा असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु इथे बहुतेक सगळेच ताकदवान फलंदाज असतात, आणि म्हणून त्यांच्यातला खरा फरक होम रनच्या पलीकडे शोधावा लागतो. २०२४-२५ च्या हिवाळ्यात पीट अलोन्सो, ख्रिश्चन वॉकर, पॉल गोल्डश्मिट आणि कार्लोस सँटाना असे चौघे एकाच वेळी उपलब्ध होते, त्यामुळे पारखीची रीत समजून घेण्यासाठी तो हिवाळा फार उपयोगी आहे.

यादी तयार करताना केवळ करारमुक्त खेळाडूंवर थांबू नये. त्या डिसेंबरमध्ये वॉकर ॲरिझोना सोडून ह्यूस्टनला गेला, लगेच ॲरिझोनाने क्लीव्हलँडकडून जॉश नेलर अदलाबदलीत मिळवला आणि क्लीव्हलँडने सँटानाला परत आणले. हे सारे दोन-तीन दिवसांत घडले. एक जागा भरली की दुसरी रिकामी होते, म्हणून ज्या संघांचा फर्स्ट बेसमन करारमुक्तीच्या जवळ आला आहे, त्यांच्याकडेही लक्ष ठेवावे.

फलंदाजी तपासताना प्रथम बेसवर पोहोचण्याचे प्रमाण पाहावे. २०२४ मध्ये गोल्डश्मिटचे २२ होम रन होते आणि सँटानाचे २३, फलंदाजीची सरासरीही अनुक्रमे .२४५ आणि .२३८, म्हणजे जवळपास सारखीच. मात्र बेसवर पोहोचण्याचे प्रमाण गोल्डश्मिटचे .३०२ तर सँटानाचे .३२८ होते, कारण सँटाना वाईट चेंडू सोडून देऊन चालत बेस मिळवतो (असे चार चेंडू पडले की फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो). बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि फटक्यांच्या ताकदीचा आकडा यांची बेरीज म्हणजे ओपीएस. त्यानंतर त्यातून मैदानाचा परिणाम वजा करून काढलेला ओपीएस-प्लससारखा निर्देशांक पाहावा, ज्यात १०० म्हणजे लीगची सरासरी; फर्स्ट बेसमन या रेषेच्या बराच वर नसेल, तर त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजण्याचे कारण उरत नाही. २०१५ पासून स्टॅटकास्ट यंत्रणेमुळे बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेगही सर्वांना पाहता येतो. ताशी ९५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाने मारलेल्या चेंडूंचे प्रमाण सलग दोन-तीन वर्षे घसरत असेल, तर यंदाचे होम रन कितीही दिसोत, सावध राहावे. डावखुऱ्या आणि उजव्या पिचरांविरुद्धची (चेंडू टाकणाऱ्यांविरुद्धची) कामगिरी मात्र वेगवेगळी तपासावी, कारण एखादा खेळाडू अर्धवेळ म्हणून उत्तम ठरू शकतो.

क्षेत्ररक्षणाकडे या जागेच्या बाबतीत हमखास दुर्लक्ष होते आणि ते मला अजिबात पटत नाही. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) तोल सावरत फेकलेला चेंडू फर्स्ट बेसमनच्या पुढ्यात टप्पा खातो, तेव्हा एक पाय बेसवर ठेवून, शरीर पूर्ण ताणून, तो चेंडू यष्टिरक्षकाप्रमाणे अर्ध्या टप्प्यावर उचलावा लागतो. तो निसटला तर चूक बहुधा शॉर्टस्टॉपच्या नावावर लागते. म्हणून चांगला फर्स्ट बेसमन संपूर्ण इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना, निर्धास्त करतो. वॉकरने २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला होता, आणि २०२४ मध्ये त्याचा ओपीएस .८०३ तर अलोन्सोचा .७८८ होता. नाव अलोन्सोचे मोठे असले, तरी त्या एका हंगामापुरता वॉकर मला उजवा वाटतो. अर्थात, दुखापतीमुळे वॉकर १३० सामनेच खेळला आणि अलोन्सो सर्वच्या सर्व १६२, ही बाजूही तितक्याच गांभीर्याने धरली पाहिजे.

सर्वांत अधिक विचार वयाचा आणि कराराच्या वर्षांचा करावा. फर्स्ट बेस ही क्षेत्ररक्षणातली जवळजवळ शेवटची जागा आहे. इथल्या खेळाडूची बॅट मंदावली की त्याला हलवायला नियुक्त फलंदाजाखेरीज (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणाऱ्याखेरीज) जागा राहत नाही. २०१५ मध्ये ४७ होम रन मारणाऱ्या ख्रिस डेव्हिसला बॉल्टिमोरने जानेवारी २०१६ मध्ये ७ वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर दिले. २०१५ च्याच हंगामात तो २०८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला होता, म्हणजे धोका डोळ्यांसमोर होता. २०१८ मध्ये त्याची सरासरी .१६८ वर आली आणि करार संपण्याआधीच, २०२१ मध्ये, त्याने निवृत्ती घेतली. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी वार्षिक रक्कम वाढवावी लागली तरी चालेल, पण वर्षे वाढवू नयेत. तेहतीस वर्षांच्या वॉकरला ह्यूस्टनने ३ वर्षांसाठी ६ कोटी डॉलर दिले, तर सदतीस वर्षांच्या गोल्डश्मिटला यांकीजने १ कोटी २५ लाखांत एकाच वर्षासाठी घेतले. खेळाडूने आधीच्या संघाची क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठराविक रकमेच्या कराराचा प्रस्ताव) नाकारली असेल, तर नव्या संघाला ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातील, निवडही गमवावी लागते. तिची किंमत हिशेबात धरावी.

करारातून मध्येच बाहेर पडण्याची मुभा कोणाला आहे, हेही वाचून घ्यावे. मनासारखा दीर्घ करार न मिळाल्याने अलोन्सोने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच जुन्या संघाशी, न्यूयॉर्क मेट्सशी, २ वर्षांचा, ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, ज्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याचा हक्क त्याच्याकडे होता. त्याने ३८ होम रन मारले, हक्क वापरला आणि बॉल्टिमोरकडून ५ वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर मिळवले. तो अपयशी ठरला असता, तर दुसऱ्या वर्षाचा भार मेट्सवरच राहिला असता.